गालावर घासून पाहिलेला बैल

तुळशीरामभाऊंची आणि माझी ओळख त्यांच्याच विरोधातल्या भाषणात झाली. आंधळगावच्या त्यांच्या खेळण्यांच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बायका बिनखिडकीच्या खोलीत बसत. मी फाटकावर तासभर गरजलो. मालक केव्हाच निघून गेले असतील, असे मी धरून चाललो होतो. ते मात्र त्या बायकांच्या मागे जमिनीवर बसून ऐकत होते. शेवटी जवळ आले. "बोलले बरोबर. आता चाय घ्या, घसा बसला तुमचा." आठवडाभरात भिंत फोडून खिडक्या बसल्या. मी तयार केलेले दुसरे भाषण खिशातच राहिले.

तान्ह्या पोळ्याला आपली मुले चाकाचा लाकडी बैल ओढत दारोदार जातात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे मिळवतात. त्या बैलावर हा कारखाना उभा आहे. आज त्यांची खेळणी कितीतरी देशांत जातात. लोक यशाचे कारण विचारतात. दिलेली मुदत पाळणे आणि कोणाचा नमुना न उचलणे ही कारणे आहेतच. पण मोठे कारण भाऊंचा गाल आहे. परदेशी गेलेला पहिला माल शिंगे टोकदार म्हणून परत आला. भाऊंनी कोणालाही बोल लावला नाही. स्वतः पॉलिशपेपर घेऊन बसले आणि एकेक शिंग गालावर घासून पाहू लागले. रंगकाम करणाऱ्या सीताबाईंनी गोल झालेली शिंगे पाहून टोमणा मारला, "भाऊ, हा बैल हाय का मेंढा?" भाऊ म्हणाले, "लेकराच्या तोंडात जाणार हाय, मेंढा झाला तरी चालन." तेव्हापासून त्यांच्या गालाला लागल्याशिवाय एकही नवे खेळणे बाहेर पडलेले नाही.

मागणी वाढली तेव्हा कारखाना बंदराजवळ न्यावा, असा त्यांच्या मुलाने आग्रह धरला. हिशेबाने तो चुकीचा नव्हता. भाऊ एवढेच म्हणाले, "यंत्रं नेशीन बाबा. हे हात कसे नेशीन?" कामगार राहिले. मुलगा बायको-मुलीला घेऊन बंदराच्या शहरात गेला आणि परदेशातली विक्री तिकडून पाहू लागला. नव्या नमुन्याचे पहिले खेळणे पूर्वी नातीच्या हाती पडे. आता ते घरातल्या फळीवर जाते.

मागच्या तान्ह्या पोळ्याला गेलो, तर भाऊ बोजाऱ्याचे ताट घेऊन दारात बसलेले. वस्तीतली मुले येऊन गेली होती. ताट त्यांनी पुन्हा भरून ठेवले होते. "येतीन अजून," ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. जन्मभर सभा गाजवणारा मी त्या दिवशी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो. ज्यांनी शेकडो घरांतली माणसे गावात राखली, त्यांचे स्वतःचे घर रिकामे असावे, हे मला आजही सहन होत नाही.

भाऊ, तुम्हाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. मी माझा लहानपणीचा बैल माळ्यावरून उतरवला आहे. यंदा दोरी धरून तुमच्या दारात येतो. बोजारा तर घेईनच, पण या बैलाची शिंगे अजून टोकदार आहेत. दरवर्षी थोडी थोडी गोल करून द्या. घाई करू नका. मला पुष्कळ वर्षे यायचे आहे.