शेळ्यांनी केलेली छाटणी

आमच्या मालकीचं एकही झाड नव्हतं, आणि आई-आबांचा जन्म मात्र झाडांतच गेला. पलूसच्या बाजूला दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणी, विरळणी, जे मिळेल ते काम. छाटणीच्या दिवसांत कात्री धरून आबांची बोटं इतकी आखडायची की संध्याकाळी भाकरीसुद्धा आई मोडून द्यायची. त्या बोटांवर मी बी.एस्सी. झाले. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. संकोच वाटतो तो पुढच्या गोष्टीचा.

कंपनीतली नोकरी सोडून मी भाड्याच्या सहा गुंठ्यांत रोपवाटिका टाकली आणि जास्वंदीची छोटी झाडं घडवायला घेतली. झुडूप होऊ द्यायचं नाही. एकच खोड काठीला बांधून सरळ चढवायचं, बगलेतले फुटवे खुडत राहायचे, आणि छातीएवढं झालं की शेंडा मारून वर गोल डोकं धरायचं. दोन वर्षं लागतात. सांगलीतल्या एका गणपती मंदिराच्या मंडळींनी अशी चाळीस झाडं सांगितली होती, गणेश चतुर्थीच्या आत. मी घरी बोलून बसले होते, ही झाडं उभी राहिली तर रोपवाटिका, नाहीतर मी परत कंपनीत.

चैत्रात डोक्यांवर पिठ्या ढेकणाची कीड पडली. कापूस चिकटवल्यासारखे शेंडे, वाकडी पानं. आबा बघून म्हणाले, "छाट समदी डोकी. द्राक्षाला काय करतो आपण?"

"आबा, हे द्राक्ष नव्हं. मी शिकलेय यातलं."

खरं सांगायचं तर माझा हातच धजत नव्हता. दोन वर्षांचं डोकं कात्रीनं कसं उडवायचं? दोनदा नुसता निंबोळी अर्क फवारला, काही फरक नाही. तिसऱ्यांदा जहाल विषारी औषध आणलं. मंगळवार होता. गणपतीच्या तसबिरीपुढं हात जोडले आणि पंप पाठीला लावला. आधी नुसतं पाणी मारून पाहिलं, तर पंप हवाच धरेना. वायसर गेलेला. मी देवाकडं बघून म्हटलं, "तुलाबी आजच सुट्टी पायजे होती व्हय?" आणि तणतणत पंप घेऊन गाडीवरनं पलूसला गेले. त्या तिरमिरीत फाटकाला कडी घालायची राहिली.

शेजाऱ्यानं रिकाम्या रानात खतासाठी आटपाडीकडच्या धनगरांची मेंढरं बसवली होती. दुपारी परत आले तेव्हा त्यांच्या पाच-सहा शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून माझ्या झाडांचे शेवटचे शेंडे ओरबाडत होत्या. चाळीस खोडं, वर नुसत्या काड्या. शेळ्यांमागं धापा टाकत एक म्हातारी आली. झाडांकडं तिनं नंतर पाहिलं. आधी माझा हात धरून विचारलं, "बाय, औषिद मारलं हुतंस का गं ह्याला?"

"न्हाई वं मावशी. पंप बिघडला."

तिनं डोळे मिटले. कनवटीचा भंडारा काढून माझ्या कपाळाला लावला. "देवानं राखलं. आमचं घर हायती ह्या." मी भांडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मग तिनं एका खोडाला नख लावलं. "हिरवं हाय. फुटंल बग."

सांजच्याला आबा आले. फेरी मारली आणि खो-खो हसले. "माझं न्हाई ऐकलंस, शेळीचं ऐकावं लागलं न्हवं?" मला रडू आलं. तेव्हा पहिल्यांदा मी म्हटलं, "चुकलं माझं, आबा. आता तुमी सांगाल तसं." त्यांनी त्याच आखडत्या बोटांनी एकेक चघळलेली काडी डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या वर, नीट कापली, खालचा पाला गोळा करून जाळला. आणि मी, शिकलेली, त्यांच्यामागं पाण्याची बादली घेऊन हिंडले.

पंधरवड्यात डोळे फुटले. जिथं एक फांदी होती तिथं तीन-तीन.

आई म्हणते गणपतीनंच केलं. मी शास्त्र शिकले आहे. छाटल्यावर फुटवे येतात, हे पुस्तकातही आहे. पण पंप त्याच सकाळी का बिघडला? चालला असता तर म्हातारीची जनावरं माझ्या हातून मेली असती. मग कृपा तिच्यावर झाली की माझ्यावर? आणि देवाला छाटायचंच होतं तर आबांच्या तोंडून सांगितलं होतं की त्यानं, मीच ऐकलं नाही. विचार करायला बसले की डोकं गरगरतं. शेळ्या देवानं धाडल्या असं म्हणायला जीभ रेटत नाही, आणि नाही म्हणायलाही रेटत नाही. एवढंच कळलं की माझ्या मुठीत होतं तोवर ते सुकत होतं. त्या दिवशी हात जोडले ते मागण्यासाठी होते. आता जोडते तेव्हा काही मागायचं सुचत नाही.

चाळीसपैकी अडतीस झाडं जगली. चतुर्थीच्या आठ दिवस आधी ती सांगलीला मंदिराच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी लावली, आबांनी आणि मी. रोपवाटिका चालू आहे.