कानबाईचा रोट आणि तपासणीचा कागद

माझी बायको पोट धरूनच गेली. तिची कसली तपासणी केली नाही, नुसता ओवा देत बसलो. तिला जाऊन तीन महिने होत नाहीत तोच माझं पोट तसंच दुखायला लागलं. कळ पाठीत जायची. देव आहे की नाही, हेच मला तेव्हा समजत नव्हतं. आमच्या पांडेसरा वस्तीतल्या डॉक्टरने रक्त आणि लघवी तपासायला लावली. पाचक रस किती आहे ते बघू, कागद आला की लगेच दाखवा, म्हणाला. मी चौथी शिकलेला, आकडे वाचता येतात. कागद आला, तर रक्त आणि लघवी दोन्हीकडे छापलेल्या हद्दीपेक्षा माझा आकडा कितीतरी मोठा. रस भरपूर म्हणजे पोट मजबूत, असं मी धरलं आणि डॉक्टरकडे गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्याकडे कानबाई देवी बसली होती. आम्हा खानदेशी लोकांत तिचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, भाऊबंदांनीच संपवायचा, बाहेर द्यायचा नाही. दुखत होतं तरी पानावर बसलो. सून म्हणाली, "आबा, अर्धा तरी खाई ल्या." तुपात बुडवून घास उचलला, तेवढ्यात दर्शनाला आलेली एक अनोळखी बाई समोर थांबली.

"बाबा, पोट का दाबून धरलंय?"

मी ऐटीत खिशातला कागद दिला. "वाचा. रस दांडगा आहे माझा."

तिने वाचलं आणि माझ्या हातातला घास काढून ताटात ठेवला. मी चिडलो. "रोट आहे बाई. आई कोपेल."

"आईचं मी बघते. तुम्ही काम कुठं केलंत?"

"डाइंग मिलमध्ये. तीस वर्षं."

"रंग कापडात हवा. धुतल्यावर सगळा पाण्यात उतरला तर?"

"माल बिघडला."

"तसंच हे. रस आतड्यात हवा. रक्तात, लघवीत एवढा उतरलाय म्हणजे आतली ग्रंथी सुजली असणार. पाणीसुद्धा पिऊ नका. आत्ता दवाखान्यात जा."

पुतण्याने रिक्षात घातलं. मोठ्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, कागद दुखण्याशी जुळवला आणि तेच सांगितलं. पित्ताचा खडा अडकला होता. चार दिवस तोंडात काही नाही, नुसती सलाईन.

घरी आल्यावर त्या बाईची चौकशी केली. सुनेला वाटलेलं ती शेजारणीबरोबर आली, शेजारणीला वाटलेलं ती आमच्या नात्यातली. नर्स असेल. आई असेल. मला कळत नाही, आणि त्यावर मी कुणाशी भांडत नाही. देवापुढे डोकं टेकणं सोपं होतं. "मला समजत नाही, सांगा," एवढं माणसापुढे म्हणायला मात्र जन्म गेला. आता म्हणतो. जी कोण होती तिचे उपकार मानतो.

पण आई माझ्यासाठी आली, तर माझ्या बायकोसाठी का नाही आली? हा सवाल आईच्याच पायाशी ठेवलाय. रोज उचलतो, रोज परत ठेवतो.