आधी येणारे ताट

९ जानेवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. न्यूअर्कहून लंडनला निघालेल्या विमानात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ नेमके शेजारच्या खुर्चीत आले. न्यू जर्सीतल्या आयसेलिन गावच्या वाणसामानाच्या दुकानात आमची नेहमी गाठ पडते. प्रत्येक भेटीत ते मला इकॉनॉमीने अटलांटिक ओलांडण्याचे शास्त्र शिकवतात आणि दर वाक्याअखेर "लिहून ठेवा, काका" असे बजावतात. मुख्य सिद्धांत असा: "जैन मील बुक करायचं. स्पेशल मील सगळ्यांच्या आधी येतं." स्वतः ते कोळंबीवाचून रविवार मानत नाहीत.

त्यांचे ताट सर्वांत आधी आले, मागोमाग माझे. खिडकीशी बसलेल्या वृद्ध जैन बाईंना मात्र जैन जेवण संपल्याचे सांगण्यात आले.

"मैंने तो दो महीने पहले लिखवाया था," त्या म्हणाल्या. दुसरे काही त्या खाणार नव्हत्या.

माझ्या शेजाऱ्यांनी तत्परतेने भाजीत चमचा खुपसला, मोठा घास घेतला आणि मगच हळहळले, "अरेरे, माझं उष्टं झालं, यार! नाहीतर दिलं असतं."

इतका चपळ चमचा मी पूर्वी पाहिला नव्हता. पण माझ्या ताटावरही जैन जेवणाचीच चिठ्ठी होती. शास्त्र मीही लिहून ठेवले होते. मी ते न उघडलेले ताट बाईंपुढे सरकवले.

"काका, आता तुमचा नंबर शेवटी," ते म्हणाले.

त्यांचे हे भाकीत खरे ठरले. लंडनला उतरल्यावर मी एका बाकावर बसलो आणि परतीच्या तिकिटावरचे जैन जेवण रद्द केले.