दाजींची सकाळची पट्टी

सकाळी सातच्या आत बदनापूरहून अक्काचा फोन आला की तो प्रिंटरबद्दलच असणार, हे आमच्या घरात इतकं ठरून गेलं होतं, की त्या दिवशीही मी फोन उचलून आधी विचारलं, आज काय बिघडलं? अक्का म्हणाली, "तुझे दाजी गेले रे, सुधाकर. झोपेतच." त्या माझ्या प्रश्नाची मला कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. आता वाटत नाही. दाजी असते तर त्यांनी त्या प्रश्नाचंही सविस्तर उत्तर दिलं असतं, कोणता रंग येत नाही आणि कधीपासून, असं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेतीखात्यात नोकरी केली, निवृत्त होऊन बदनापूरलाच राहिले. पण मोसंबीवाल्या शेतकऱ्यांनी त्यांना निवृत्त काही होऊ दिलं नाही. कोणीही यायचं, शर्टाच्या खिशातून पान काढायचं आणि विचारायचं, साहेब, हे काय झालं? येईपर्यंत पान कोमेजून गेलेलं. पानाचा पिवळेपणा रोगाचा की प्रवासाचा, हे कळायला मार्ग नसे. तेवढ्यात, दोन हजार सालानंतर कधीतरी, माझ्या भाच्यानं, म्हणजे दाजींच्या मुलानं, पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर, छोटा कॅमेरा आणि इंकजेट प्रिंटर आणून घरी ठेवला. नातवंडांचे फोटो छापा म्हणाला. दाजींनी नातवंडांचा एक फोटो छापला आणि दुसऱ्या दिवशीपासून बागांमधून पानांचे फोटो काढत फिरू लागले. एका कागदावर सहा पानं, प्रत्येकाखाली नंबर आणि दुखण्याचं नाव. कागद घरी न्या, झाडाशी ताडून बघा आणि मगच औषध आणा, असं ते बजावून सांगत. "पिवळ्या-पिवळ्यात फरक असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य.

जालन्याला कचेरीत मी कॉम्प्युटरवर पत्रं टाइप करायचो. एवढ्या भांडवलावर अक्काच्या घरी मी इंजिनिअर ठरलो. पहिल्याच उन्हाळ्यात प्रिंटरची शाई वाळली आणि पिवळा रंग बंद पडला. मोसंबीचं पान निळंशार उमटलं. दाजी ते हातात धरून गंभीरपणे म्हणाले, "असलं पान मी उभ्या नोकरीत पाह्यलं न्हाई." मी कॉम्प्युटरवरून सफाईचा हुकूम दोनदा सोडला, तिसऱ्यांदा सोडला, मग कार्ट्रिज काढून त्याचं तोंड कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यावर टेकवून ठेवलं. फडक्यावर पिवळा डाग उमटला तेव्हा दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जालन्याच्या दुकानदारानं सांगितलं, रोज थोडं छापत जा, शाई वाळणार नाही. झालं. अंघोळ झाली की चहाच्या आधी दाजी प्रिंटरचं बटण दाबून धरायचे, चार रंगांची एक पट्टी निघायची, तीवर तारीख घालून ती फाइलीत लागायची. अक्का देवापुढं दिवा लावता लावता कुरकुरायची की माझ्या देवापेक्षा ह्यांच्या देवाचं सोवळं कडक आहे.

रंग सगळे येऊ लागले, पण बरोबर येईनात. व्हरांड्यात बसून दाजी पडद्यावरचं पान आणि कागदावरचं पान ताडून बघायचे. त्यांना कागद नेहमी जरा जास्त हिरवा वाटे, मग ते हिरवा कमी करत, लाल वाढवत. पंधरा-वीस कागद वाया घालवून त्यांनी एकदाचं समाधान होईपर्यंत जुळवलं आणि कागद वाटले. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकानं एक कागद माझ्या हाती दिला. मी चष्मा विसरलो होतो, तेव्हा तो नीट दिसावा म्हणून अंगणात नेला, तर उन्हात सगळी पानं तांबूस. परत व्हरांड्यात आलो, तर छान हिरवी-पिवळी. मी वर पाहिलं. व्हरांड्यावर उन्हासाठी टाकलेला हिरवा प्लॅस्टिकचा पत्रा! त्याच्या खालच्या हिरव्या उजेडात हा माणूस महिनाभर रंग जुळवत बसला होता. मी पोट धरून हसलो, अक्काही हसली. दाजी हसले नाहीत. कागद हातात घेऊन उन्हात उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मंग ते अकरा जण?"

अकरा शेतकऱ्यांना ते कागद गेले होते. चुकीच्या रंगाशी ताडून कोणी भलतंच औषध मारलं तर... त्या विचारानं दाजी जेवले नाहीत. कॉम्प्युटर आतल्या खोलीत हलवला, उन्हात बघून बघून नवे कागद छापले, आणि दुसऱ्या दिवसापासून एसटीनं गावोगाव जाऊन एकेक कागद बदलून द्यायला लागले. शेवटचा कागद कुंभार पिंपळगावला होता, तिथं मी बरोबर होतो. शेषराव नावाच्या त्या शेतकऱ्यानं तो मोटारीच्या स्टार्टरशेजारी भिंतीला चिकटवलेला. त्या चुकलेल्या रंगांत कोळी किडीचं पान आपल्या झाडाच्या पानाशी जुळतंय असं वाटून त्यानं कोळ्याचं औषध आणलं होतं, पंप धुऊन ठेवला होता, सकाळी फवारायचं होतं. दाजींनी झाडाचं पान तोडलं, नव्या कागदावर ठेवून उन्हात धरलं. कोळी नव्हता, झाडाला नुसतं लोह कमी पडत होतं. मग दाजी, खात्यात साहेब म्हणून राहिलेला माणूस, सरळ म्हणाले, "शेषराव, तुमचं बराबर हाये. कागद माझा चुकला." शेषराव म्हणाला, "साहेब, एवढ्यासाठी तुम्ही इथवर आल्ते?" परतीच्या एसटीत दाजींनी दोन मोसंबी सोलून खाल्ली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले. इतका सुखी माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय.

त्यानंतर रोजची पट्टी ते अंगणात नेऊन, उन्हात बघूनच फाइलीत लावायचे.

दहाव्याला मी अक्काकडे गेलो. सुतकात देव बंद, देवघराचं दार लोटलेलं. मी आतल्या खोलीत जाऊन ती फाइल उघडली. दाजींचं बारीक, उजवीकडं झुकलेलं अक्षर पानापानावर. शेवटची तारीख बघायला मागून उलटू लागलो, तर शेवटच्या नऊ पट्ट्यांवर अक्षर दाजींचं नव्हतं. मोठं, गोल, अक्काचं. इतकी वर्षं कुरकुरत तिनं कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते बघून ठेवलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. तेवढ्यात ती मागून आली आणि म्हणाली, "देवाला सुतक असतं. ह्याला कुठं हाये?" आणि त्या दिवशीची पट्टी घेऊन ती अंगणात गेली. पत्र्याच्या सावलीतून दोन पावलं पुढं, उन्हात उभी राहिली.

"पिवळा जरा कमी वाटून राह्यला का रे?"

मी जवळ जाऊन पाहिलं. थोडा कमी होता. मी फडकं भिजवायला पाणी कोमट केलं.