निर्मलाताईंची संकष्टी

निर्मलाताई उकिडवे यांची आणि माझी पहिली भेट रेगेन्सबर्गच्या आउसलेंडरबेह्योर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत झाली. मी त्या वेळी भांडत होते. नवऱ्याच्या नोकरीमागून नुकतीच इथे आले होते, जर्मन तोडकंमोडकं, आणि काउंटरपलीकडची बाई माझे कागद तिसऱ्यांदा परत करत होती. मागून शुद्ध सांगली वळणाच्या मराठीत आवाज आला, "अगं, आल्या आल्या त्यांना गुटन मॉर्गन म्हणालीस का? नाही ना? मग आधी म्हण, नंतर भांड." वळून पाहिलं तर सुती साडी, वर जाड कोट आणि पायांत बर्फातले बूट घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. मी रागातच गुटन मॉर्गन म्हटलं. काउंटरवरची बाई चक्क हसली आणि दहा मिनिटांत माझं काम झालं. मला हा शुद्ध अपमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

ताईंना या महिन्यात पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. इथल्या मराठी मंडळाने गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि माझ्याकडे चार पानं दिली, कारण मी त्यांची शिष्या. ताई तरुणपणी तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनला इंजिनिअरिंग शिकायला आल्या आणि यंत्रांपेक्षा भाषांतच जास्त रमल्या. पुढे यजमानांच्या नोकरीमुळे रेगेन्सबर्गला घर झालं, आणि इथल्या कोर्टात त्या शपथ घेतलेल्या दुभाषी म्हणून काम करू लागल्या. हे काम त्यांनी मलाही शिकवलं. कुणी शिवी दिली तर शिवीचंच भाषांतर करायचं, पण आपल्या पदरची काडी टाकायची नाही, हा त्यांचा पहिला धडा. मी भाषांतर करताना हातवारे करायचे. एकदा सुनावणी संपल्यावर मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "मंजिरी, आरोपीला जेवढा राग आला होता ना, त्याच्यापेक्षा तुला जास्त आला होता. त्याचा वकील घाबरला गं." एवढं बोलून मला कॉफी प्यायला घेऊन गेल्या.

त्यांचं दुसरं काम आपल्या मंडळात फारसं कुणाला ठाऊक नाही. इथले एक निवृत्त डॉक्टर, हेर ब्रांट (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत), आणि त्यांचे काही मित्र यांची एक लहानशी समिती आहे. युद्धात पकडले गेलेले लोक सुटावेत म्हणून ही मंडळी दोन्ही बाजूंच्या माणसांना एखाद्या तटस्थ देशात एका टेबलाशी बसवतात. ताई तिथे दुभाषी म्हणून जायला लागल्या. काही बैठकांनंतर दोन्ही बाजूंनी समितीला सांगितलं की बोलणी याच बाईंना करू देत. देशांची नावं मी लिहिणार नाही. ताईंनी बजावलं आहे आणि हेर ब्रांटनी छापण्याआधी हा लेख वाचून घेतला आहे.

त्या टेबलावरची ताईंची रीत एकच. मोठं मागणं आधी मागायचं नाही. कैद्याला चष्मा पाठवू का, लोकरीचे मोजे पाठवू का, असं विचारायचं. समोरच्याने मोज्यांना हो म्हटलं की पाय आपल्याकडे आहेत, म्हणजे माणूस आहे, हे त्याने कबूलच केलं, असं त्या म्हणतात. ते मोजे त्या स्वतः विणतात. आमच्या घरी गप्पा मारायला बसल्या तरी सुया चालू. माझा मुलगा त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणतो आणि जर्मनमध्ये बोलतो. त्या मराठीतच उत्तर देतात, आणि दोघांचंही काही अडत नाही.

हे सगळं मी लांबून कौतुकाने बघत होते. मग आमच्याच घरावर वेळ आली.

माझा धाकटा भाऊ रवी मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये होता. युद्ध पेटलेल्या समुद्रात ते जहाज अडवलं गेलं आणि सगळ्या खलाशांना ताब्यात घेतलं. बाकीच्यांचे ठावठिकाणे हळूहळू कळले. रवीबद्दल मात्र उत्तर यायचं की असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. अशा उत्तराचा काय काय अर्थ होतो, हे दुभाषाचं काम करणारीला सांगावं लागत नाही. गुहागरला आई एकटी राहीना, म्हणून तिला इकडे आणली.

मी ताईंच्या घरी जाऊन सरळ म्हटलं, "पुढच्या बैठकीत आधी रवीचं नाव घ्या." ताई म्हणाल्या, "नाही घेणार. आमच्या यादीत त्याचं नाव जिथे आहे तिथेच येईल. टेबलावर माझं कुणी नसतं, मंजिरी. माझा एक जण आहे असं त्यांना कळलं, तर त्याची किंमत वाढेल." शिवाय समितीच्या कागदांचं भाषांतर अधूनमधून मी करायचे, पण रवीची बहीण म्हणून मला त्या बैठकीच्या कामातून काढायला समितीला त्यांनीच सांगितलं होतं. मी दार आपटून निघाले. दुसऱ्याच दिवशी ताई आमच्याकडे हजर, हातात दोन किलो मटार. आईसमोर बसून सोलायला लागल्या. पुढे दर आठवड्याला हा कार्यक्रम झाला. आई एकदा म्हणाली, "अहो ताई, खरं काय ते सांगा. माझ्यात ऐकायची ताकद आहे." ताई म्हणाल्या, "वहिनी, काही ठाऊक असतं तर मला सांगता आलं नसतं. काहीच ठाऊक नाही, एवढं मात्र शपथेवर सांगते." आईला त्या बोलण्याने का कोण जाणे, धीर आला. त्या हिवाळ्यात आम्ही इतके मटार खाल्ले की पुढे वर्षभर मी घरात आणू दिले नाहीत.

आता बैठकीत काय घडलं ते. मला हे पुष्कळ नंतर हेर ब्रांटनी सांगितलं.

त्या दिवशी संकष्टी होती. ताईंची संकष्टी कडक, दिवसभर फक्त चहा. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा समोरच्या बाजूच्या वयस्क अधिकाऱ्याने ताईंची रिकामी ताटली पाहिली. सकाळपासून बोलणी अडली होती, माणूस वैतागलेला होता. म्हणाला, "तुम्हीही संपावर का? आमच्याकडे एक असाच हट्टी आहे. महिन्यातून एक दिवस जेवायचं नाव काढत नाही, आणि अंधार पडला की खिडकीशी उभा राहून मग मागतो. शेवटी एकट्याला ठेवलाय."

हेर ब्रांट म्हणाले, "माझा काटा हातातच राहिला. जो माणूस त्यांच्याकडे नव्हताच, तो उपास करत होता." दुसरं कुणी असतं तर तिथल्या तिथे धरलं असतं की म्हणजे आहे ना तुमच्याकडे. मी तर टेबलावर हात आपटला असता. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "आज जेवलाय का तो?" अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसाला फोन करायला पाठवलं. उत्तर आलं, सकाळपासून काही घेतलेलं नाही.

ताई पाच मिनिटं मागून बाहेर आल्या आणि त्यांनी मला फोन केला. आतलं अक्षर सांगायची त्यांना मुभा नव्हती. म्हणाल्या, "मंजिरी, रवी संकष्टी करतो का गं?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ताई, इथे आमचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही उपासतापास काय विचारता?" आईने माझ्या हातून फोन घेतला. म्हणाली, "करतो. माझ्या आजारपणात धरलीय त्याने, ती सोडली नाही. पाणी पितो, अन्न मात्र चंद्र बघितल्यावर." पलीकडून ताई म्हणाल्या, "बरं, वहिनी. तुम्ही आज नीट जेवा." आणि फोन ठेवला.

मी चिडचिड करतच होते. आई उठली आणि कुकर लावायला घेतला. म्हणाली, "मंजू, उगाच कोण विचारील? कुणाला तरी तिकडे उपास दिसलाय. माणूस असल्याशिवाय उपास दिसत नाही." मग ओट्याला धरून ती रडली, आणि मीही रडले.

ताई आत गेल्या आणि अधिकाऱ्याला म्हणाल्या, "हा संप नाही. तो चंद्राची वाट बघतोय. मीही तीच बघतेय. आज चंद्र उगवला की त्याला अंगणात येऊ द्याल का? आणि मग गरम जेवण?" सुटकेचा शब्द त्यांनी काढला नाही. अधिकाऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग त्याने विचारलं, "आणि ढग असले तर?" ताई म्हणाल्या, "तर घड्याळ बघून जेवायचं. देवाला एवढं कळतं." तो हसला. त्या खोलीत इतक्या दिवसांत कुणी हसलं नव्हतं म्हणे. रात्री हॉटेलच्या बागेत ताई उभ्या होत्या, वर सगळं ढगाळ. अधिकारी येऊन शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "तिकडे आभाळ मोकळं आहे. त्याला बाहेर आणलं होतं. जेवला." मग ताई जेवल्या.

समोरच्या बाजूने दिलेल्या कैद्यांच्या पुढच्या यादीत रवीचं नाव आलं. त्यापुढेही बैठका झाल्या, दोनदा सगळं मोडलं, पण माझा भाऊ आता 'नाही' नव्हता. वसंतात त्याला आणि आणखी काही जणांना त्याच तटस्थ देशात आणून सोडलं. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर आई त्याला सोडेना. ताई लांब उभ्या होत्या. जवळ आल्यावर त्यांनी त्याला एकच विचारलं, "त्या दिवशी चंद्र दिसला का रे तुला?"

रवी म्हणाला, "दिसला. पण ताई, मला आधी वाटलं, गोळी घालायलाच नेतायत. अंधारात दोघं जण दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. मी डोळे मिटून उभा. काहीच होईना. मग त्यातल्या एकाने माझी हनुवटी धरली आणि वर केली."

ताईंनी पर्समधून मोजे काढले आणि त्याच्या हातात दिले. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

आता शेवटचं. ताईंची साखर वाढली आहे आणि हेर ब्रांटनी त्यांचे उपास बंद केले आहेत. त्यांनी ते ऐकलं, पण मला म्हणाल्या, "बाकी काही नाही गं, संकष्टी सुटल्याचं वाईट वाटतं." मी देवाधर्मातली नाही. चार तास पोटात काही नसलं तर घरात कुणाला धड बोलू देत नाही, हे माझा नवरा साक्षीला येऊन सांगेल. तरीही ताईंना इथे, सगळ्यांसमोर सांगते: तुमची संकष्टी मी गेल्या महिन्यापासून धरली आहे. डोनाऊ नदीवर धुकं होतं, चंद्र काही दिसला नाही, घड्याळ बघून जेवले. नवरा आणि मुलगा दोघंही सुखरूप आहेत.

ताई, अजून कितीतरी जण कुठल्या कुठल्या खिडकीशी उभे आहेत, आणि त्यांच्यासाठी तुमचे मोजे विणायचे राहिलेत. तेव्हा पुष्कळ जगा, औषधाच्या गोळ्या चुकवू नका, वेळेवर जेवा. चंद्राची वाट मी बघते.