भिंतीला शिकवणारे सर

सर भिंतीला शिकवायचे. हे मी गमतीने सांगत नाही. पहाटे उठून, आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ते आमच्या आणि त्यांच्या खोलीच्या मधल्या भिंतीसमोर उभे राहत आणि म्हणत, "विद्यार्थी मित्रांनो, काल आपण कुठवर आलो होतो?" भिंतीच्या अलीकडे मी आणि माझी बायको फुलं घेऊन बसलेलो असायचो. आमचा धंदा हारांचा. झेंडू, शेवंती वलगावच्या मळ्यातून यायची, बायको ओवायची, मी चौकात विकायचो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "हा किरायेदार बिघडलेला दिसून राहिला. आता काय करता?" मी म्हटलं, "करतो काय, ऐक."

सर तासावरचे होते. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे. विद्यापीठात शिकवायचे, पण विद्यापीठाचे नव्हते. आठवड्यातले तीन दिवस इथं अमरावतीत, तीन दिवस अकोल्याच्या एका कॉलेजात. शिकवायचे काय, तर बातमी कशी लिहायची, मुलाखत कशी घ्यायची, लोकांशी बोलायचं कसं. त्याला जनसंपर्क म्हणतात. मी चौथी शिकलेला. मी विचारलं, "बोलणं बी शिकवा लागते काय?" ते म्हणाले, "काका, तेच तर कोणाले येत नाई." दर पावसाळ्यात त्यांची नव्याने मुलाखत व्हायची, नव्याने नेमणूक व्हायची आणि उन्हाळा लागला की संपायची. बसायला ठरलेली खुर्ची नाही, ठेवायला कपाट नाही. सगळा वर्ग त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत. "सर, पर्मनंट कधी होता?" असं मी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पर्मनंट घड्याळ आहे, काका. मी त्याच्यावरचा."

सरांचं लग्न राहिलं ते यातच. एकदा तेल्हाऱ्याला, त्यांच्या गावी, मुलीकडचे लोक आले होते. मुलगा काय करतो? प्राध्यापक. पर्मनंट आहे का? त्यांचा मामा सांगणार होता, होऊनच राहिला म्हणून. त्याच्या आधी सरच बोलले, "नाही." पाहुणे चहा पिऊन गेले. परत आल्यावर फाटकातूनच त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, "काकू, जमलं नाई." ती म्हणाली, "आधी बसा तरी, पाणी घ्या." तर म्हणाले, "नाई, आधी सांगतो, मग बसतो." तो त्यांचा नियम होता. पोरांनाही तेच शिकवायचे. वाईट बातमी पहिल्याच वाक्यात सांगा. गोल गोल फिरवली तर ऐकणारा त्या फिरण्यातच अर्धा मरतो.

दिवसाचा तास आधी भिंतीला शिकवून पाहताना ते मध्येच थांबून विचारत, "समजलं का?" वर्गात कोणी बोलत नाही, भिंतही बोलत नसे. एके दिवशी माझ्या बायकोला राहवलं नाही. सुईत दोरा घालता घालता तिने इकडून आवाज दिला, "नाई समजलं सर. मांगचं पुन्हा सांगा." मग सर आमच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, रागावले. ते म्हणाले, "काकू, कुठून नाई समजलं?" आणि खरंच उंबऱ्यावर बसून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. ती फुलं निवडत ऐकत होती, मध्ये मध्ये "मंग?" म्हणत होती.

त्या दिवसापासून हजेरी सुरू झाली. शिकवण्याआधी भिंतीतून आवाज यायचा, "काकू?" ही म्हणायची, "हजर." मग आवाज यायचा, "काका?" मी बोलत नसे. म्हाताऱ्या माणसानं काय पोरासारखं हजर म्हणायचं? सर थोडा वेळ थांबत आणि म्हणत, "काका गैरहजर." ती तोंडाला पदर लावून हसायची. रोज तोच विनोद, आणि रोज हसायची.

एकदा ते मला वर्गात घेऊन गेले. पोरांना मुलाखत घ्यायला खरा माणूस पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, "मले गोड बोलता येत नाई." ते म्हणाले, "म्हणूनच नेऊन राहिलो." मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. पोरं वही घेऊन बसली होती. एकाने विचारलं, "काका, तुमच्या यशाचं रहस्य काय?" मी म्हटलं, "कोणतं यश?" दुसऱ्याने विचारलं, "तुमचा जीवनप्रवास सांगा." मी म्हटलं, "वलगाव ते अमरावती. झाला." सर मागच्या बाकावर तोंडावर हात ठेवून बसले होते.

सरांचा आणखी एक नियम होता. सगळे प्रश्न संपले की शेवटी विचारायचं, आणखी काही राहिलं का सांगायचं? विचारायचं आणि गप बसायचं. माणूस आधी नाही म्हणतो. तेव्हा उठायचं नाही. खरं जे असतं ते त्यानंतर येतं. धारणीकडची एक मुलगी होती, तासभर एक शब्द बोलली नव्हती. तिने हळूच विचारलं, "बाबा, काही राहिलं काय सांगाचं?" मी म्हटलं, "नाई." ती बसून राहिली. माझ्याकडे पाहत राहिली. वर पंखा कुरकुरत होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या बायकोनं आख्ख्या अमरावतीच्या गळ्यात हार घातले. तिच्या गळ्यात एकच पडला, लग्नातला." हे माझ्या पोटात होतं हे मलाच माहीत नव्हतं. कोणी हसलं नाही.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग काय हार घालून भाजी आनाले जाऊ? लोकं म्हनतीन, बाई निवडून आली." पण रात्री जेवताना तिने दोनदा विचारलं, ती पोट्टी नेमकं काय बोलली, आणि तुमी काय बोलले.

दिवाळीच्या तोंडावर, फुलांच्या ऐन हंगामात, तिच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत मी बाकावर बसून होतो. डॉक्टर बाहेर आले आणि बोलू लागले. आम्ही शर्थ केली, वय पाहा, तब्येत आधीच नाजूक, दाब खाली गेला होता. मी विचारलं, "म्हणजे हाय का नाई?" त्यांनी पुन्हा दाबापासून सुरुवात केली. तेवढ्यात सर आले. निरोप मिळताच अकोल्याहून थेट, खांद्यावर तीच पिशवी. ते आत गेले, बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काका, काकू गेल्या." मग माझ्या बाजूला बसले. लोक म्हणतात असं तोंडावर सांगू नये. मी म्हणतो, असंच सांगावं. सकाळपासून मी टांगलेला होतो. त्या एका वाक्याने पाय जमिनीला लागले.

तिच्या गळ्यात दुसरा हार पडला तो मी ओवलेला. ओवायचं काम कायम तिचं, माझा हात बसलेला नाही. वाकडातिकडा झाला.

आम्हाला मूलबाळ नाही. वलगावचे भाचे तेरवीपर्यंत राहिले आणि आपापल्या कामाला गेले. धंदा मी बंद केला. तेरवीनंतर एका पहाटे भिंतीतून पुन्हा आवाज आला, "विद्यार्थी मित्रांनो." हजेरी नव्हती. बोलत बोलत ते सवयीच्या जागी आले, "समजलं का?" आणि तिथंच अडकले. मी अंथरुणात पडून होतो. शेवटी मीच म्हटलं, "चालू द्या." सर पुढे बोलू लागले. तेव्हापासून भिंतीच्या वर्गात मी एकटा. खरं सांगतो, ते रोज ज्याला संज्ञापन म्हणायचे ते काय, मला अजून समजलेलं नाही. पण दिवसभरात माझ्या कानावर पडणारा माणसाचा आवाज तेवढाच होता. आणि तो तासावरचा होता. पावसाळ्यात त्यांच्या मुलाखतीच्या दिवशी त्यांच्यापेक्षा जास्त मीच घाबरायचो. नेमणूक झाली नाही तर हा माणूस जाणार, आणि तो गेला की या घरात बोलणारं कोणी उरणार नाही. नेमणूक झाली की ते फाटकातून ओरडायचे, "काका, वर्षभर आहे." मी म्हणायचो, "किराया वाढवतो मंग." वाढवला कधी नाही.

यंदा उन्हाळा संपत आला आणि सर बदलले. एक दिवस न सांगता नळाची गळती दुरुस्त केली. एक दिवस माझ्या चष्म्याची काडी बसवून आणली. एक दिवस दह्यातला गिलावडा आणला आणि माझ्या ताटात आधी वाढला. पहाटेचं शिकवणं बारीक आवाजात आलं, मध्येच तुटायचं. एकदा म्हणाले, "काका, पुण्याची हवा चांगली असते म्हणतात." मी म्हटलं, "असन." दुसऱ्या दिवशी विचारलं, "तुमचे भाचे वलगावलेच राहतात ना?" मी म्हटलं, "राहतात." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमाले फोन लावता येते ना बरोबर?" मी म्हातारा झालो, भैताड झालो नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात जेवायला बसलो. वांग्याची भाजी होती. ते भाकरीचे तुकडे नुसतेच मोडत होते. मी विचारलं, "सर, काही राहिलं काय सांगाचं?"

"नाई काका. काय राहणार?"

मी गप बसलो. त्या धारणीच्या पोरीसारखा त्यांच्याकडे पाहत बसलो. त्यांनी पाणी प्यायलं. उठून हात धुतला आणि पुन्हा ताटावर येऊन बसले. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी काय करून राहिलो ते त्यांना समजलं.

"काका, मी पुण्याले चाललो. सोमवारी."

"हे पयलं वाक्य पाह्यजे होतं," मी म्हटलं. "इतके वर्षं भिंतीले काय शिकवलं मंग?"

ते हसले, पण त्यांना हसणं जमलं नाही. मग सगळं सांगितलं. पुण्याला एक मोठा दवाखाना आहे, तिथं जनसंपर्क अधिकारी घेतलं. पर्मनंट. मी विचारलं, "दवाखान्यात कोणाशी संपर्क?" ते म्हणाले, "नातेवाइकांशी. डॉक्टरले सांगता येत नाई ते आपण सांगायचं." मी म्हटलं, "जा. ते तुमाले येते."

"तुमी एकटे पडसान काका."

"पडीन. तुमी इथं राहून काय पर्मनंट होता?"

एवढं बोलून मी ताटं उचलली. आणखी बसलो असतो तर नका जाऊ म्हणालो असतो.

पर्मनंट माणूस निवृत्त झाला की त्याला शाल, श्रीफळ, हार मिळतो. असे कितीतरी हार आमच्याकडूनच गेले. तासावरच्या माणसाला पुढच्या पावसाळ्यात बोलावत नाहीत, एवढाच त्याचा निरोप. सोमवारी सकाळी मी बाजारातून झेंडू आणला आणि तिची सुई काढली. दुपारी ट्रॅव्हल्सच्या गाडीजवळ, त्यांची पिशवी वर टाकली जात असताना, मी तो हार त्यांच्या गळ्यात घातला. क्लीनर म्हणाला, "कुठून निवडून आले साहेब?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ती असती तर पदर लावून हसली असती. गाडी वळेपर्यंत त्यांनी हार काढला नाही. नंतर काढला असेल. टोचतो तो, देठं नीट कापली नव्हती मी.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. बोलणं थोडं पुण्याचं झालं आहे, मधूनच "तुम्हाला" म्हणतात, मग सुधारतात. जेवले काय, औषध घेतलं काय, खोली दिली काय कोणाले. मी म्हणतो, चांगला किरायेदार भेटत नाही. दोघं-तिघं येऊन गेले. एक बँकेतला होता, नवरा-बायको होते. मी खोली दाखवली आणि देत नाही म्हटलं. बोलणं संपत आलं की ते विचारतात, "काका, काही राहिलं काय सांगाचं?" मी म्हणतो, "नाई." आणि मग ते ठेवत नाहीत. गप राहतात. मला त्यांची विद्या माहीत आहे, म्हणून मीच फोन बंद करतो.

परवाच्या रविवारी मात्र माझं बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. पलीकडे दवाखान्याचा आवाज होता, कोणीतरी त्यांना हाक मारत होतं, कोणाचे तरी नातेवाईक बाहेर थांबले होते. तरी ते गप होते. मी म्हटलं, "सर, सकाळी भिंत बोलत नाई."

मग भिंतीतून यायचा तसा आवाज आला.

"काका?"

"हजर," मी म्हटलं.