कंप्युटरातली आमची वाडी

आमच्या ऑफिसातले किस्से म्हणजे पावसाळ्यातली बाळाची दुपटी! एक वाळेपर्यंत चार ओली.

ऑफिस पेणला, रामवाडीत. तिथले सर कंप्युटरात जमीन बनवतात आणि तिच्यावर पूर सोडतात, पाणी कुठं चढेल ते बघायला. मी सातवी पास. चहा करते, आणि मापं घ्यायला गेलो की मशीनची काठी जमिनीवर टेकवून धरते; ती टेकेल तिथली उंची कंप्युटर जमीन म्हणून धरतो. सध्या काम चाललंय रोह्याजवळच्या आमच्याच नदीकाठच्या वाडीचं. घरात माझी परी, दीड वर्षाची. म्हणून माझा जीव सगळा त्या स्क्रीनवर!

*

पहिल्यांदा बघितलं तर नुसती त्रिकोणांची जाळी. "सर, जमीन कुठाय?"

"हीच. मोजलेले ठिपके जोडले की झाली जमीन."

"आणि दोन ठिपक्यांच्या मधली?"

"ती कंप्युटर अंदाजानं भरतो."

अंदाजानं मी आमटीत मीठ घालते. पण चाखून तरी बघते!

*

एकदा भातशेतात टेकडी उगवली. ड्रोननं वरून फोटो काढले होते, चूक काय ते सरांना सापडेना. मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, "सर, ती शेजारच्या काकींची पेंढ्याची उडवी हाय."

सरांनी बटन दाबलं. टेकडी गायब!

घरी जाताना मी आधी शेतात डोकावले. उडवी होती जागेवर.

*

मग एक दिवस पूर सोडला. निळं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. मी ओरडले, "सर, थांबवा! पोरगी झोपलेय आत!"

"ताई, खोटं पाणी आहे हे."

"पण घर खरं हाय ना!"

*

शेवटी सगळी वाडी निळी झाली, आणि आमचं एकटं घर कोरडं! सासूबाईंनी वाडीभर सांगितलं. काकी म्हणाल्या, "मग गो, पाणी आलं की आमची पोरं तुझ्याकडंच आणते."

तेव्हा मला आठवलं. मापाच्या दिवशी अंगण ताजं सारवलेलं. "काठी रुतवू नको गो," सासूबाई म्हणाल्या, म्हणून मी ती ओट्यावर टेकवली होती. कंबरेएवढा उंच ओटा!

सरांना सांगितलं. ते दुसऱ्याच दिवशी मशीन घेऊन आले. मी अंगणात काठी टेकवली. सासूबाई परीला कडेवर घेऊन दारात.

"साहेब," त्या म्हणाल्या, "जरा काठी उचलून धरायला सांगा की तिला. लेकरू हाय घरात."

सर माझ्याकडं बघायला लागले. काठी माझ्याच हातात होती.